कार्डावरचे हुद्दे आणि आपला पैसा : गोव्यातील गुंतवणूकदारांचे नेहमीचे प्रश्न

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी फोंडा तालुक्यात ओळखीपाळखीच्या लोकांना पॉलिसीचे, फंडांचे आणि ठेवींचे कागद वाचून देतो. त्याचे पैसे घेत नाही आणि कोणती योजना घ्यावी हेही सांगत नाही, कारण ते सांगण्याची नोंदणी माझ्याकडे नाही. कागद घेऊन येणारे लोक योजनेपेक्षा ती सुचवणाऱ्या माणसाबद्दल अधिक विचारतात. त्याच्या नावापुढची अक्षरे खरी आहेत का, त्याचा हुद्दा मोठा दिसतो तो खरोखर मोठा आहे का, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा का, हे त्यांचे प्रश्न असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न उत्तरांसह येथे मांडले आहेत.

‘आर्थिक सल्लागार’ अशी पाटी कोणालाही लावता येते का?

शेअर, म्युच्युअल फंड, रोखे यांच्याबाबत मोबदला घेऊन सल्ला द्यायचा असेल तर लावता येत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी विनियम केले आणि असा सल्ला देणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. २०२० मधील दुरुस्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. जो फंडांचे वितरण करतो, म्हणजे फंड विकून कमिशन मिळवतो, त्याला सल्लागार म्हणून नोंदणी नसताना स्वतःला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर’, ‘वेल्थ ॲडव्हायझर’ किंवा तत्सम नाव लावण्यास मनाई आहे.

मात्र हा नियम सेबीच्या कक्षेतील व्यवहारांपुरताच आहे. विमा कंपन्या आपल्या एजंटांना सर्रास ‘विमा सल्लागार’ म्हणतात. म्हापशाच्या बाजारपेठेत किंवा मडगावच्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ‘गुंतवणूक मार्गदर्शक’, ‘अर्थतज्ज्ञ’, ‘फायनान्शियल कन्सल्टंट’ अशा पाट्या दिसतात, त्यांतल्या शब्दांवरून आत बसलेला माणूस कोण आहे याचा काहीच बोध होत नाही.

मग एखाद्या बिरुदाचे वजन ठरवायचे कसे?

मी एकच कसोटी लावतो : हे बिरुद दिले कोणी, आणि माणूस चुकला तर ते काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? वकिलाची सनद बार कौन्सिल काढून घेऊ शकते आणि डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषद रद्द करू शकते, म्हणूनच त्या शब्दांना अर्थ आहे. पैशाच्या क्षेत्रात सेबीची नोंदणी रद्द होते, विमा एजंटाची नेमणूक कंपनी काढून घेते, चार्टर्ड अकाउंटंटचे सभासदत्व त्याची संस्था शिस्तभंगाच्या कारवाईत काढू शकते. याउलट ‘सीनियर वेल्थ मॅनेजर’ हा हुद्दा मालकाने दिलेला असतो, आणि तो माणूस ग्राहकाशी चुकीचे वागला म्हणून नव्हे, विक्रीचे लक्ष्य गाठले नाही म्हणून काढून घेतला जाण्याची शक्यताच अधिक असते. असा हुद्दा नोकरीच्या आत उपयोगाचा असेल, ग्राहकाला त्याचा काही आधार नाही.

आपल्याकडे येणारे लोक नेमके कोण असतात?

बहुतेक वेळा पाचांपैकी एक. पहिला म्युच्युअल फंडाचा वितरक, ज्याच्याकडे ‘एआरएन’ या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. दुसरा विमा एजंट, जो विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्याच्यासारखाच दिसणारा विमा ब्रोकर मात्र कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी समजला जातो, हा फरक फार कमी लोकांना ठाऊक आहे. तिसरा बँकेतला कर्मचारी, चौथा आपला सी.ए. किंवा कर भरून देणारा माणूस, आणि पाचवा सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार. हा पाचवा आपल्या दारात क्वचितच येतो, कारण अशा सल्लागारांची संख्या देशभरात हजाराच्या आसपासच आहे. त्यामुळे साखळीला किंवा काणकोणला राहणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही नोंदणीकृत सल्लागार पाहिलेला नसणे अगदी स्वाभाविक आहे. ‘सल्लागार’ म्हणून जे त्याने पाहिले ते सगळे विक्रेते होते. यात त्यांची बदनामी नाही. विक्री हा प्रामाणिक व्यवसाय आहे आणि मी ओळखतो त्यांतले कित्येक वितरक ग्राहकाला बाजार पडल्यावर घाबरून पैसे काढण्यापासून थांबवतात, ही मोठी सेवा आहे. फक्त तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखावे.

वितरक आणि सल्लागार यांच्यातला फरक पैशांत कसा दिसतो?

वितरकाला तुम्ही हातात काही देत नाही, म्हणून त्याची सेवा फुकट वाटते. प्रत्यक्षात फंडाच्या ‘रेग्युलर’ योजनेच्या खर्चातून त्याला दरवर्षी कमिशन मिळत राहते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला ‘डायरेक्ट’ योजनाही ठेवावी लागते, जिच्यात हे कमिशन नसते. दोन्हींच्या खर्चात वर्षाला एक टक्क्याचा फरक आहे असे समजू आणि वीस लाख रुपये पंधरा वर्षे ठेवू. दहा टक्क्यांनी ते साधारण ८३ लाख ५० हजार होतात, अकरा टक्क्यांनी ९५ लाख ७० हजार. मधले बारा लाख ही सेवेची किंमत झाली. ती सेवा त्या किमतीची असेलही, पण किंमत माहीत असल्याशिवाय ते ठरवता येत नाही. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित खातेविवरणात वितरकाला किती रक्कम मिळाली ते रुपयांत छापलेले असते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पान कधी उघडलेले नसते.

नोंदणीकृत सल्लागार तुमच्याकडून फी घेतो आणि त्याच ग्राहकाला फंड विकून कमिशन घेऊ शकत नाही. नियमांनुसार तो विश्वस्ताच्या नात्याने वागण्यास बांधलेला आहे. त्याने आधी तुमची जोखीम पेलण्याची ताकद लिखित स्वरूपात तपासली पाहिजे, तुमच्याशी करार केला पाहिजे, आणि दिलेल्या सल्ल्याच्या नोंदी पाच वर्षे जपल्या पाहिजेत.

कार्डावर इतकी अक्षरे असतात, ती वाचायची कशी?

गेल्या पावसाळ्यात शिरोड्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे एक कार्ड घेऊन आले. जाड, गुळगुळीत कागद, कडेला सोनेरी रेघ. नावाखाली ‘सीनियर वेल्थ ॲडव्हायझर’, आणि नावापुढे बी.कॉम., एमडीआरटी, चेअरमन्स क्लब, सर्टिफाइड वेल्थ कोच. सरांनी विचारले, ‘‘एवढे शिकलेला माणूस आहे, नाही का?’’ आम्ही ती अक्षरे एकेक करून घेतली.

बी.कॉम. ही पदवी खरी, पण तिच्यात कुटुंबाच्या गुंतवणुकीचे नियोजन शिकवले जात नाही. एमडीआरटी म्हणजे ‘मिलियन डॉलर राउंड टेबल’, विमा आणि वित्तक्षेत्रातल्या विक्रेत्यांची १९२७ साली अमेरिकेत स्थापन झालेली संस्था. तिचे सभासदत्व वर्षभरात मिळवलेले कमिशन, जमा केलेला प्रीमियम किंवा उत्पन्न यांच्या आधारे मिळते. म्हणजे हा माणूस पुष्कळ विक्री करतो एवढेच त्यावरून कळते. चेअरमन्स क्लब हा विमा कंपनीच्या घरातला मान, तोही विक्रीसाठीच. वेल्थ कोच हे प्रमाणपत्र कोणाचे, याचा शोध घेतला तेव्हा तो पैसे भरून करायचा ऑनलाइन वर्ग निघाला. तिथे ना शिस्तपालनाची व्यवस्था, ना कोणाचे नाव वगळण्याची तरतूद. वर लिहिलेला ‘वेल्थ ॲडव्हायझर’ हा हुद्दा तर सल्लागार म्हणून नोंदणी असल्याशिवाय लावताच येत नाही, आणि नोंदणीचा क्रमांक कार्डावर कुठेच नव्हता.

कार्डाच्या मागे, अगदी बारीक अक्षरांत, एआरएन होता. सगळ्या कार्डावर तपासण्याजोगे तेवढेच होते. म्युच्युअल फंडांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावर तो घातला, तर त्याची मुदत मागच्या वर्षीच संपलेली. ही नोंदणी तीन वर्षांची असते. सरांनी त्या गृहस्थांना फोन करून सरळ विचारले. त्यांनीही नूतनीकरण राहून गेल्याचे कबूल केले, महिन्याभरात ते करून नवी मुदत कळवली, आणि पुढच्या भेटीत दिलेल्या कार्डावर ‘म्युच्युअल फंड वितरक’ असे लिहिलेले होते. सरांनी त्यांच्याकडेच गुंतवणूक केली. माझ्या मते योग्य केले. विचारल्यावर जो कागद दाखवतो आणि चूक दुरुस्त करतो, त्याच्याशी व्यवहार करता येतो.

सीएफपी, सीएफए, एनआयएसएम यांचे काय?

ही तिन्ही तपासता येतात, पण तिघांचे काम वेगळे आहे.

सीएफपी म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर. सेवानिवृत्ती, विमा, कर, वारसा अशा घरगुती नियोजनाच्या सगळ्या बाजू तिच्या अभ्यासक्रमात येतात, आचारसंहिता पाळावी लागते, आणि ती देणारी संस्था हे नाव वापरण्याचा हक्क काढून घेऊ शकते. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मी तिला सर्वांत जवळची पात्रता मानतो. सीएफए, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, अधिक कठीण समजली जाते. तीन टप्प्यांच्या परीक्षा आणि किमान चार हजार तासांचा संबंधित अनुभव असल्याशिवाय ती सनद मिळत नाही. पण तिचा भर कंपन्यांचे आणि रोख्यांचे विश्लेषण करण्यावर आहे. तुमच्या मुलीच्या शिक्षणाचे आणि आईच्या आजारपणाचे पैसे एका कोष्टकात बसवणे हे तिचे मुख्य काम नव्हे. एनआयएसएम ही सेबीने स्थापन केलेली संस्था. फंड विकण्यासाठी तिची ‘पाच-ए’ क्रमांकाची परीक्षा द्यावी लागते, जिच्यात ५० टक्के गुण मिळाले की उत्तीर्ण. सल्लागारासाठी ‘दहा-ए’ आणि ‘दहा-बी’ अशा वेगळ्या परीक्षा आहेत. हे व्यवसायाच्या दारातून आत येण्याचे तिकीट आहे, आणि त्याचीही मुदत तीन वर्षांची असते.

यांतली कोणतीही पात्रता म्हणजे सेबीची नोंदणी नव्हे, हे लक्षात ठेवावे. एखाद्याकडे सीएफपी असूनही तो केवळ वितरक असू शकतो.

आमचे सी.ए. वीस वर्षांपासूनचे आहेत. त्यांचे ऐकले तर बिघडले कुठे?

चार्टर्ड अकाउंटंट ही देशातील सर्वांत काटेकोर पात्रतांपैकी एक आहे. १९४९ च्या कायद्याने तिला अधिष्ठान दिले आहे, प्रत्येक सभासदाला क्रमांक असतो, आणि त्याने दिलेल्या दाखल्यावर यूडीआयएन हा त्या दाखल्याचा अठरा अंकी ओळखक्रमांक असतो, जो कोणालाही पडताळता येतो. परंतु ती पात्रता हिशेब, लेखापरीक्षण आणि कर यांची आहे. आपल्या व्यवसायाच्या ओघात ग्राहकाला गुंतवणुकीबद्दल दोन शब्द सांगणाऱ्या सी.ए.ला सेबीच्या नोंदणीतून सूट आहे. स्वतंत्रपणे गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय करायचा असेल तर ती सूट पुरत नाही. करबचतीसाठी मार्च महिन्यात घाईने घेतलेल्या पॉलिसी मी फार पाहिल्या आहेत, आणि करसल्ला बरोबर असूनही गुंतवणूक चुकीची असण्याचे ते ठळक उदाहरण आहे. सी.ए.च्या कार्यालयातच कोणी फंडाचा किंवा विम्याचा अर्ज पुढे केला, तर त्यावरचा क्रमांक कोणाच्या नावाचा आहे तेवढे वाचून घ्यावे.

बँकेतला माणूस तर सुरक्षित, नाही का?

या प्रश्नाला मी थोडा अधिक वेळ देतो, कारण गोव्यात बँकेवर श्रद्धा मोठी आहे आणि मी स्वतः त्या काउंटरच्या आत बसलेलो आहे. मी ज्या शाखेत होतो तिथे एका वर्षी तीन अधिकाऱ्यांची पदनामे बदलून ‘रिलेशनशिप मॅनेजर’ झाली. त्यांना नवे प्रशिक्षण मिळाले नाही, नवी परीक्षा झाली नाही. नवी कार्डे आली आणि महिन्याचे विक्रीचे आकडे ठरवून दिले गेले. त्या तिघांपैकी कोणी वाईट नव्हते. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहण्याची नजर बदललेली मी पाहिली आहे.

माझी थोरली बहीण डिचोलीला राहते. भावोजींच्या निवृत्तीच्या पैशांतली एक मुदत ठेव पुरी झाली, तेव्हा बँकेतल्या एका तरुणाने तिला ‘‘मावशी, ठेवीपेक्षा चांगले आहे, दोन लाख एकदाच भरायचे’’ असे सांगून अर्जावर सह्या घेतल्या. त्याच्या कार्डावर ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ लिहिले होते. बँकेचा उपाध्यक्ष आपल्या घरी येऊन चहा पिऊन गेला, याचे तिला अप्रूप वाटले. खासगी बँकांत हा हुद्दा असणारे शेकडो लोक असतात हे तिला कोण सांगणार? पाकीट आले ते चतुर्थीच्या धांदलीत, आणि तिने ते न फोडता कपाटात पातळांखाली ठेवले. पुढच्या वर्षी दुसऱ्या हप्त्याचा संदेश आला तेव्हा कळले की ती दहा वर्षे दरसाल दोन लाख भरायची पॉलिसी होती. पाकीट मी फोडले. आतल्या अर्जाच्या प्रतीत बहिणीचा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न नऊ लाख लिहिले होते. तिने आयुष्यभर घर सांभाळले आहे. अक्षर तिचे नव्हते, सही तेवढी तिची होती.

बँक येथे विमा कंपनीची ‘कॉर्पोरेट एजंट’ असते, आणि विकणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ‘स्पेसिफाइड पर्सन’ म्हणून प्रमाणपत्र असावे लागते. उपाध्यक्षपद बाजूला ठेवून ते प्रमाणपत्र मागावे. आणि पॉलिसी हातात आल्यापासून ती परत करण्याची मुदत आता तीस दिवसांची आहे. त्या वेळी ती आमच्या बाबतीत पंधरा दिवसांची होती आणि केव्हाच उलटून गेली होती. पाकीट त्याच दिवशी फोडावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.

नोंदणी क्रमांक खरा आहे की नाही, घरबसल्या कसे तपासावे?

गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने, शेअर दलालाचा ‘आयएनझेड’ने. सेबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, तिथे क्रमांक आणि नाव दोन्ही घालून पाहावे. केवळ क्रमांक सापडला म्हणून थांबू नये, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक आपल्या नावाखाली छापणारे भामटे असतात. यादीत दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवर संपर्क साधून ‘‘हा माणूस तुमचाच का?’’ असे विचारावे. पैसे पाठवण्याच्या वेळेसाठीही आता एक सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या मध्यस्थांच्या यूपीआय पत्त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द येऊ लागला आहे.

फी रोख मागणारा, तुमचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन ‘‘मी गुंतवतो’’ म्हणणारा, किंवा ठरावीक परताव्याची हमी देणारा माणूस क्रमांक असूनही नियमाबाहेर वागत असतो. तिथून उठून यावे.

गोव्यात काम करणाऱ्याला वेगळे काही माहीत असावे लागते का?

होय, आणि माझ्या मते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा ही परीक्षा अधिक बोलकी आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या किंवा फोनवरून सल्ला देणाऱ्या हुशार माणसांचीही येथे गाडी अडते.

आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंब कायदा लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर सामान्यतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा तिच्यात अर्धा-अर्धा वाटा असतो. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५-अ आले. पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो, पण व्याज, भाडे, भांडवली नफा असे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावे लागते. त्यासाठी विवरणपत्रात वेगळे परिशिष्टही आहे. नवऱ्याच्या नावच्या ठेवीचे सगळे व्याज त्याच्याच विवरणपत्रात घालणारा करसल्लागार मला दर वर्षी भेटतो, आणि कापलेल्या कराचा अर्धा भाग बायकोच्या खात्यात दाखवायचा राहून गेल्याने परतावे अडकलेलेही पाहतो.

वारशाचे तर आणखी नाजूक. सक्तीच्या वारसांना, म्हणजे मुलेबाळे वगैरेंना, मृत्युपत्राने पूर्ण वगळता येत नाही. स्वतःच्या वाट्यापैकी साधारण निम्म्याचीच मोकळी व्यवस्था करता येते. वाटणीसाठी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप करण्याची, कार्यवाही असते, जी आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यानुसार चालते. अशा परिस्थितीत ‘‘नॉमिनी घातला की झाले’’ असे सांगणाऱ्याला आपला प्रदेश कळलेला नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुले आणि आईवडील यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, ती वेगळीच समजून घ्यावी.

तेव्हा पहिल्या भेटीत विचारावे : ‘‘आमचे लग्न गोव्यात नोंदलेले आहे. याचा आमच्या गुंतवणुकीवर काय परिणाम होतो?’’ जो ‘‘माहीत नाही, वकिलाला विचारून सांगतो’’ म्हणेल तोही चालेल. जो ‘‘काहीच फरक पडत नाही’’ म्हणेल त्याच्या नावापुढे कितीही अक्षरे असली तरी त्याला निरोप द्यावा.

घरातला माणूस जहाजावर किंवा आखातात आहे. सल्ला कोणाचा घ्यावा?

तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या, कुटुंबांत पैसा एकदम येतो आणि तो मिळवणारा माणूस घरी नसतो. त्यामुळे ‘एनआरआय डेस्क प्रमुख’ अशा हुद्द्याची माणसे घरच्या बाईला गाठतात. हा हुद्दा म्हणजे बँकेच्या एका टेबलाचे नाव, इतकेच. वर्षातले किती दिवस देशाबाहेर गेले यावर आयकरातला अनिवासी दर्जा ठरतो आणि कोणत्या उत्पन्नावर कर लागेल हे त्यावर अवलंबून असते. ते दिवस मोजण्याचे काम सी.ए.चे. गुंतवणुकीचा निर्णय जहाजावरचा माणूस सुट्टीवर येईपर्यंत थांबू शकतो.

पतसंस्थेचे चेअरमन गावातलेच आहेत, देवस्थानच्या समितीवरही आहेत. त्यांच्या शब्दावर ठेव ठेवावी का?

चेअरमन हे निवडून आलेले पद आहे, ती वित्तीय पात्रता नाही. सहकारी बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते.

ओळखीच्या माणसाला क्रमांक विचारणे बरे दिसते का?

हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. एजंट भाच्याच्या वर्गातला असतो, वितरकाची आई आपल्याकडे हळदीकुंकवाला येते, आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे वाटते. मी लोकांना सांगतो की विचारण्याचे ओझे स्वतःवर घेऊ नका, मुलावर टाका. ‘‘मुलगा पुण्याहून विचारतो, त्याला तुझा नोंदणी क्रमांक आणि तुला यात किती मिळते ते कळवायचे आहे’’ असे म्हटले की कोणाला वाईट वाटत नाही. आणखी एक वाक्य जपून ठेवावे : ‘‘जे सांगितलेस ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, मी रात्री सावकाश वाचतो.’’ तोंडी दिलेली अर्धी आश्वासने लिहिण्याची वेळ आली की आपोआप गळून पडतात. आणि कमिशनचा काही भाग परत देतो असे विमा एजंट म्हणाला तर ते स्वीकारू नये. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे ते बेकायदेशीर आहे.

सल्लागाराची फी किती असावी?

सेबीने कमाल मर्यादा घातल्या आहेत. ठरावीक फी असेल तर एका कुटुंबासाठी वर्षाला १ लाख ५१ हजार रुपये, आणि मालमत्तेच्या प्रमाणात असेल तर वर्षाला अडीच टक्के. ही कमाल मर्यादा आहे, योग्य दर नव्हे. तीस लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला पंचाहत्तर हजार होतात, ते मला फारच वाटतात. साध्या कुटुंबाने ठरावीक फीवाला पाहावा.

नोंदणीकृत सल्लागाराचा सल्ला चुकतच नाही का?

चुकतो. नोंदणी सल्ल्याच्या गुणवत्तेची हमी देत नाही, सेबीही तसे म्हणत नाही. नोंदणीने तुमच्या हाती दाद मागण्याची जागा येते.

फसवणूक झाली असे वाटले तर कुठे जावे?

आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच ठेवावी. शेअर, फंड, सल्लागार यांच्याबाबत सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार व्यवस्थेत नोंद करता येते. संबंधित संस्थेने एकवीस दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते. विम्यासाठी कंपनीने महिन्याभरात समाधान केले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईत आहे, तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेच्या सेवेबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि कोणी बेकायदा ठेवी गोळा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्याच ‘सचेत’ संकेतस्थळावर कळवता येते. ग्राहक आयोग उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळे आहेत आणि तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर एक तासही न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा.

तक्रारीसोबत अर्जाची प्रत, पॉलिसी, बँकेचा उतारा, संदेश आणि त्या माणसाचे कार्ड जोडावे. माझ्या बहिणीला दोन लाख नऊ महिन्यांनी परत मिळाले, व्याजाविना. लोकपालांपुढे बँकेने ‘‘ग्राहकाला सर्व अटी समजावून सांगितल्या होत्या’’ असे लिहून दिले होते. अर्जातले खोटे उत्पन्न आमच्या बाजूने होतेच, पण सुनावणीत त्याहून जास्त वेळ एका दुसऱ्या कागदावर चर्चा झाली. तिने बँकेतल्या त्या तरुणाच्या सोनेरी अक्षरांच्या कार्डाचा तुकडा जपून ठेवला होता, आणि चहाचे कप उचलल्यावर त्याच्या मागे पेनाने तारीख घालून लिहिले होते : ‘दोन लाख. एकदाच भरायचे म्हणाला.’